समुद्रपक्ष्यांच्या आतड्यातले टेपवर्म: आधी डोकं बघा, मग एक सेगमेंट, मग पक्ष्याचं खाणं

प्रश्न एका विद्यार्थ्याचा आहे. त्याला किनाऱ्यावर मेलेला कुरव सापडला, म्हणजे सीगल, आतडं उघडल्यावर आत पांढऱ्या फितीसारखे लांब किडे निघाले आणि त्यांच्यासोबत दोन-तीन मिलिमीटरचे बारीक धागेही. त्याने विचारलंय की समुद्रपक्ष्यांमध्ये टेपवर्मचे प्रकार किती, वर्गीकरण कशावरून करतात, फोटोवरून नाव सांगता येईल का, आणि पक्षी याच किड्यांमुळे मेला का. उत्तर लांबलचक होणार आहे कारण या चारही प्रश्नांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि मी गेली बरीच वर्षं हेच काम करतोय त्यामुळे थोडक्यात आटपायला मन होत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण ती राहून जाते. मेलेला समुद्रपक्षी मोकळ्या हातांनी, घरच्या टेबलावर उघडू नका. २०२१-२२ पासून एच५एन१ बर्ड फ्लूने जगभर समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती झोडपल्यात, गॅनेट, टर्न, स्कुआ असे हजारोंनी मेलेत, तेव्हा ग्लोव्ह्ज, मास्क, योग्य लॅब आणि जिथे परवानगी लागते तिथे परवानगी, याला पर्याय नाही. टेपवर्म तुमच्या अंगाला चिकटून काही करणार नाही, पण व्हायरस करेल.

आता फोटोबद्दल. फोटोवरून नाव सांगता येत नाही, आणि कोणी ठामपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लांबी, रंग, जाडी यावरून टेपवर्म ओळखणं म्हणजे भिंतीच्या रंगावरून घरात कोण राहतं ते सांगणं. एकच टेपवर्म आखडला तर पाच सेंटीमीटर आणि सैल पडला तर पंधरा. तुमच्या फोटोत फितीचा मधला भाग छान दिसतोय पण डोकं कुठेच नाही, आणि डोक्याशिवाय अर्धं काम अडतं.

टेपवर्मची रचना दोन वाक्यांत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पुढे एक छोटं डोकं, स्कोलेक्स, त्याचं काम फक्त आतड्याच्या भिंतीला धरून राहणं, त्यामागे मान, आणि मानेतून सतत नवीन सेगमेंट्स तयार होत जातात, त्यामुळे मानेजवळचे कोवळे, मधले प्रौढ आणि शेपटाकडचे अंड्यांनी भरलेले असतात. तोंड नाही, आतडं नाही, सगळं अन्न त्वचेतून शोषतात, आणि बहुतेकांत प्रत्येक सेगमेंटमध्ये नर आणि मादी दोन्ही अवयवांचा पूर्ण संच असतो. म्हणून एक टेपवर्म म्हणजे एकामागे एक लावलेली शेकडो प्रजननयंत्रं, आणि वर्गीकरण करणारा माणूस त्यातलं एक यंत्र नीट उघडून वाचतो. डोकं आणि एक प्रौढ सेगमेंट, या दोन गोष्टी हातात असतील तर बहुतेक वेळा कुळापर्यंत तरी पोचता येतं.

जगात टेपवर्मच्या आजवर वर्णन झालेल्या जाती पाच हजारांच्या आसपास आहेत आणि त्या एकोणीस गणांत विभागल्यात. ही आजची मांडणी बऱ्याच अंशी २००८ ते २०१७ या काळात झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून पक्की झाली, जनीन कायरा आणि कर्स्टन जेन्सन यांच्या नेतृत्वाखाली, आणि त्यात जगभरातल्या वेगवेगळ्या प्राण्यांच्या आतड्यांतून नमुने गोळा करून डीएनए आणि शरीररचना दोन्ही एकत्र तपासली गेली. गंमत म्हणजे एकोणीसपैकी बहुतेक गण मासे, शार्क आणि रे यांच्यात आहेत. समुद्रपक्ष्यांच्या आतड्यात तुम्हाला प्रामुख्याने तीनच गण भेटतील: सायक्लोफायलिडिया, टेट्राबोथ्रिइडिया आणि डायफायलोबोथ्रिइडिया. तीन म्हटलं की सोपं वाटतं, पण आत शिरलं की दमछाक होते.

डायफायलोबोथ्रिइडियापासून सुरू करतो कारण तुमच्या कुरवात ते असण्याची शक्यता चांगली आहे आणि ओळखायलाही सोपे आहेत. यांच्या डोक्यावर गोल सकर, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, नसतात, दोन उभ्या खाचा असतात, आणि जननछिद्र सेगमेंटच्या कडेला नसून मधोमध, सपाट बाजूवर असतं. पूर्वी हे सगळे स्यूडोफायलिडिया नावाच्या एका गणात होते, २००८ मध्ये कुख्ता, शोल्झ, ब्राबेक आणि ब्रे यांनी दाखवलं की त्यात दोन वेगळ्या वंशरेषा कोंबल्यात आणि तो गण मोडून दोन केले, एक डायफायलोबोथ्रिइडिया आणि दुसरा बोथ्रिओसेफॅलिडिया. हा दुसरा मुख्यतः माशांचा. तेव्हा जुन्या नोंदीत स्यूडोफायलिडिया दिसलं तर घाबरू नका, पण तुमच्या वहीत ते नाव परत लिहू नका.

कुरवातला ठळक उमेदवार म्हणजे डायबोथ्रिओसेफॅलस डेंड्रिटिकस, उत्तर गोलार्धाच्या थंड भागात भरपूर. त्याची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून केसाळ पोहणारं पिल्लू बाहेर येतं, ते कोपेपॉड, म्हणजे क्रस्टेशियन (झिंग्या-खेकड्यांच्या वर्गातला) बारीक जीव खातो, कोपेपॉडला मासा खातो, माशात ते वाढून पक्ष्याची वाट बघतं. तोच मासा माणसाने कच्चा खाल्ला तर माणसालाही होतो, म्हणजे धोका पक्ष्याकडून नाही, कच्च्या माशाकडून. याचं जीनस नाव (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट, कुळाच्या खालचा, नावातला पहिला शब्द) अनेक वर्षं डायफायलोबोथ्रियम होतं, २०१७ मध्ये वेशेनबाख आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे डायबोथ्रिओसेफॅलस हे जुनं नाव परत जिवंत केलं, त्यामुळे दोन्ही नावं वाचनात येतील, प्राणी तोच.

याच गणातला शिस्टोसेफॅलस सॉलिडस, याच्याबद्दल थोडं जास्त बोलू द्या, मला हा प्राणी फार आवडतो. त्याची सगळी वाढ माशात होते, तीन काट्यांच्या स्टिकलबॅक माशात, आणि वाढते म्हणजे किती, तर कधीकधी किड्याचं वजन माशाच्या स्वतःच्या वजनाच्या बरोबरीला येतं, मासा पोट फुगून पृष्ठभागाजवळ येऊ लागतो आणि पक्ष्याला सोपा सापडतो. पक्ष्याच्या पोटात गेल्यावर याला काही वाढायचं नसतं, फक्त सुमारे चाळीस अंश तापमान मिळालं की दोनेक दिवसांत अंडी घालायला लागतो आणि थोड्याच दिवसांत संपतो. हे इतकं तापमानावर चालतं की १९४६ मध्ये जे. डी. स्मिथ यांनी पक्षी न वापरता, काचेच्या नळीत, गरम ठेवलेल्या द्रवात त्याला प्रौढ करून दाखवला. यातून ओळख करणाऱ्याने काय घ्यायचं, तर हा किडा आतड्यात सापडला म्हणजे पक्ष्याने गेल्या काही दिवसांत स्टिकलबॅक खाल्लाय. नऊ काट्यांच्या स्टिकलबॅकमध्ये मात्र शिस्टोसेफॅलस पुंगिटाय ही वेगळी जाती असते, दिसायला जवळपास तशीच, म्हणून नुसतं दिसण्यावर नाव ठरवू नये असं मी ओरडून सांगत असतो. लिग्युला हाही याचाच नातेवाईक, कार्प कुळातल्या माशांच्या पोटात राहतो, माशाला पिल्लं घालू देत नाही, आणि पक्ष्यात थोडेच दिवस टिकतो. त्याच्यात एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा दडल्यात हे आता डीएनएने स्पष्ट झालंय.

आता टेट्राबोथ्रिइडिया. समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासकाला खरी ओढ या गणाची असते, कारण हा गण समुद्रातल्या गरम रक्ताच्या प्राण्यांशिवाय कुठेच राहत नाही, म्हणजे समुद्रपक्षी, देवमासे, डॉल्फिन आणि सील, बस. सहा जीनस, सत्तरच्या आसपास जाती. त्यातल्या बहुतेक टेट्राबोथ्रियस या एकाच जीनसमध्ये, आणि हे जीनस पक्ष्यांतही आहे आणि देवमाशांतही. चेटोफॅलस अल्बाट्रॉस-पेट्रेल मंडळींत, प्रायापोसेफॅलस देवमाशांत, स्ट्रोबिलोसेफॅलस आणि ट्रायगोनोकोटायली डॉल्फिन वर्गात आणि ॲनोफ्रायोसेफॅलस सील-समुद्रसिंह यांच्यात.

टेट्राबोथ्रियस नाव जुनं आहे, रुडॉल्फी यांनी १८१९ मध्ये दिलेलं, पण गण म्हणून याचं स्थान कुठे यावर शंभर वर्षं ओढाताण चालली. कोणी शार्क-रे यांच्या टेपवर्मजवळ ठेवलं, कोणी सायक्लोफायलिडियामध्ये टाकलं. शेवटी स्विस अभ्यासक बेअर यांनी १९५४ मध्ये स्वतंत्र दर्जा दिला. आज डीएनए सांगतो की हे सायक्लोफायलिडियाच्या जवळच आहेत, शार्कच्या टेपवर्मपेक्षा बरेच जवळ. ओळख अशी: डोकं चौकोनी, हुक अजिबात नाहीत, चार मोठे सकरसारखे अवयव आणि प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात कानाच्या पाळीसारखा एक मांसल उभार. हा कान एकदा बघितला की आयुष्यभर विसरत नाही. सेगमेंटमध्ये योक ग्रंथी, म्हणजे अंड्याचा बलक बनवणारी, एकसंध, घट्ट आणि अंडाशयाच्या पुढे, आणि जननछिद्रं सगळी एकाच कडेला. सायक्लोफायलिडियामध्ये तीच ग्रंथी सहसा अंडाशयाच्या मागे असते, तेव्हा फक्त हा एक अवयव कुठे आहे ते बघितलं तरी डोकं हरवलेल्या तुकड्याचा गण लागतो. हे मला कोणी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर कितीतरी महिने वाचले असते.

पण गण लागणं वेगळं आणि टेट्राबोथ्रियसची जाती लावणं वेगळं. जाती लागते ती जननछिद्राच्या आतल्या छोट्या मांसल खोलीवरून, तिच्या भिंती किती जाड, नराची नळी तिच्यात कुठून उघडते, आत उंचवटा आहे का, आणि हे बघायला सेगमेंटचे आडवे काप काढून मायक्रोस्कोपखाली लावावे लागतात, सपाट दाबलेल्या स्लाइडवर ते दिसतच नाही. लोक हे कंटाळून टाळतात, मग कुठल्याही कुरवातला टेट्राबोथ्रियस दिसला की इरोस्ट्रिस लिहून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा नोंदींतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. कुरवांत टे. (म्हणजे टेट्राबोथ्रियस) सिलिंड्रासियसही असतो, गॅनेटमध्ये टे. बासानी, सेफस गिलेमॉटमध्ये टे. यॅगरस्किओल्डी, लूनमध्ये टे. मॅक्रोसेफॅलस, पेंग्विनमध्ये टे. पॉलियानी, टे. जुबिनी, टे. राइटी, मॅगेलॅनिक पेंग्विनमध्ये टे. लुट्झी. पेट्रेल मंडळींची यादी वेगळीच.

आणि या गणाचं मोठं कोडं असं की एकाही जातीचं पूर्ण जीवनचक्र आजपर्यंत सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी जुळवून दाखवलेलं नाही. क्रस्टेशियन, स्क्विड, मासे यांतून तो जात असावा असा सगळ्यांचा कयास आहे, आणि पक्ष्यांचं खाणं बघता तो पटतोही. पण अल्बाट्रॉस शेकडो किलोमीटर उघड्या समुद्रावर फिरून खातो, तिथे त्या साखळीतली एकेक कडी पकडायची कशी हा प्रश्न आहे. ज्याला पीएचडीला विषय हवाय त्याने इथे उडी मारावी, खरंच.

तिसरा गण सायक्लोफायलिडिया, सगळ्यात मोठा, तीन हजारांहून जास्त जाती, मुख्यतः पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या. चार गोल सकर आणि मधे बहुतेक वेळा हुक असलेली एक सोंड, रोस्टेलम. अंड्यांना झाकण नसतं, पोहणारं पिल्लू नसतं, सहा हुकांचं भ्रूण अंड्यातच राहतं आणि ते अंडंच कोणीतरी खायला लागतं, समुद्रात ते काम क्रस्टेशियन करतात. समुद्रपक्ष्यांत यातली दोन कुळं जास्त महत्त्वाची, डायलेपिडिडी आणि हायमेनोलेपिडिडी, आणि तिसरं ग्रिपोरिंकिडी.

हायमेनोलेपिडिडी ओळखायचे वृषण मोजून. साधारणपणे तीन. हुक एकाच ओळीत, संख्येने थोडे, अनेकदा आठ, दहा किंवा वीस. सेगमेंट्स रुंद आणि आखूड. तुम्हाला जे दोन-तीन मिलिमीटरचे धागे मिळालेत ते या कुळातले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, कुरवात वार्डियम सापडतात. समुद्री बदकांत, विशेषतः आयडर बदकांत, मायक्रोसोमॅकँथस इतके असतात की एका पक्ष्यात मोजता मोजता संध्याकाळ होते, ते किनाऱ्यालगतच्या गॅमॅरस नावाच्या उड्या मारणाऱ्या क्रस्टेशियनमधून येतात. बदकांतच फिंब्रियारिया नावाचा एक असतो, त्याच्या पुढच्या टोकाला झालरीसारखा पसरट भाग असतो आणि नवखा माणूस त्यालाच डोकं समजतो, खरं डोकं इतकं बारीक की आतड्यातून काढतानाच तुटून जातं. मीसुद्धा सुरुवातीला ही चूक केलीय आणि एक पूर्ण बॅच चुकीच्या नावाने ठेवली होती, नंतर सगळी परत बघावी लागली.

डायलेपिडिडीत वृषण भरपूर, हुक बहुधा दोन ओळींत, रोस्टेलम आत ओढून घेता येणारा. यातलं अल्काटेनिया हे जीनस मला सगळ्या विषयाचं हृदय वाटतं. हे ऑक पक्ष्यांत असतं, म्हणजे म्युर, गिलेमॉट, पफिन, ऑकलेट यांच्यात, आणि थोडं कुरवांत. अ. आर्मिलारिस म्युरमध्ये, अ. कॅम्पिलॅकँथा सेफस गिलेमॉटमध्ये, अ. फ्रॅटरक्युली शिंगवाल्या पफिनमध्ये, अ. सेरोरिंकी राइनोसेरॉस ऑकलेटमध्ये, आणि अ. लारिना किटिवेक या कुरवात. बघितलं तर वाटेल की प्रत्येक पक्ष्याला आपापला टेपवर्म, म्हणजे पक्षी वेगळे होत गेले तसे किडेही सोबत वेगळे होत गेले. अमेरिकन अभ्यासक एरिक होबर्ग यांनी १९८६ मध्ये दोन्हीकडची वंशवेल शेजारी ठेवून बघितली आणि ती जुळली नाही. कुरवांतल्या टेपवर्मचा पूर्वज ऑक पक्ष्यांत शिरला, आणि तिथून एका ऑककडून दुसऱ्या ऑककडे उड्या मारत पसरला, उत्तर पॅसिफिकमध्ये, हिमयुगांच्या काळात जेव्हा बर्फ पुढे-मागे होत होता आणि वसाहती तुटत-जुळत होत्या तेव्हा. टेट्राबोथ्रियसच्या बाबतीतही त्यांनी हेच मांडलं, की इथे सोबत उत्क्रांत होण्यापेक्षा यजमान, म्हणजे किडा ज्याच्यात राहतो तो प्राणी, बदलण्याचा इतिहास मोठा आहे, आणि पक्ष्यांपासून देवमाशांपर्यंत अशा उड्या पडल्यात.

उडी पडते कशी? खाण्यातून. अल्काटेनियाची पिल्लं क्रिलमध्ये, म्हणजे थव्याने राहणाऱ्या झिंग्यासारख्या छोट्या क्रस्टेशियनमध्ये असतात, थायसॅनोएसा नावाच्या क्रिलमध्ये अ. लारिनाची सापडलीत. एकाच थव्यातला क्रिल किटिवेकही खातो आणि म्युरही. किड्याला पक्ष्याचं कुळ-गोत्र कळत नाही, आतडं सोसवलं तर राहतो, नाही तर मरतो. लाखो वर्षांत एखाद वेळी सोसवतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की पक्ष्याच्या नावावरून टेपवर्म शोधू नका, तो पक्षी काय खातो त्यावरून शोधा. गोड्या पाण्याच्या तलावाकाठी वाढलेल्या कुरवाच्या पिल्लात शिस्टोसेफॅलस आणि डायबोथ्रिओसेफॅलस असतील, तोच कुरव हिवाळ्यात समुद्रावर गेला की ते हळूहळू गळून जातात आणि वेगळेच येतात. एकाच जातीच्या दोन वसाहतींत वेगवेगळे टेपवर्म मिळाले तर याचा अर्थ पक्षी वेगळे असा नाही, त्यांच्या समोरचं पाणी वेगळं.

ग्रिपोरिंकिडीवर फार वेळ घालवत नाही, पण एक गोष्ट. हे पूर्वी डायलेपिडिडीतच धरले जायचे. मग लक्षात आलं की यांच्या जीवनचक्रात कोपेपॉडनंतर मासा लागतो, जे सायक्लोफायलिडियात फारच वेगळं आहे, आणि कुळ स्वतंत्र झालं. पाणकावळ्यांतला पॅराडायलेपिस स्कोलेसिना हा याचा नेहमीचा नमुना, त्याची पिल्लं कार्प कुळातल्या माशांच्या यकृतात बसतात. तुमच्याकडे कधी पाणकावळा किंवा पेलिकन आला तर आधी हे कुळ डोक्यात ठेवा.

आता शेवटचा मोठा प्रश्न, पक्षी यामुळे मेला का. बहुधा नाही. निरोगी, धष्टपुष्ट, जाळ्यात अडकून मेलेल्या पक्ष्यांतही टेपवर्म भरपूर मिळतात. उलट उपाशी, अशक्त पक्ष्यात किडे जास्त दिसले तर अशक्तपणामुळे किडे टिकले की किड्यांमुळे अशक्तपणा, हे एका मेलेल्या शरीरावरून ठरवता येत नाही. बहुतेक टेपवर्म आतड्याच्या भिंतीला वरवर धरून राहतात आणि फारशी इजा करत नाहीत. अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात ठळक म्हणजे अंटार्क्टिक पेंग्विनमधला पॅरऑर्काइटिस झेडेरी, ॲडेली, जेंटू, चिनस्ट्रॅप, एम्परर या सगळ्यांत मिळतो, बेअर्ड यांनी १८५३ मध्येच वर्णन केलेला, आणि हा डोकं आतड्याच्या भिंतीत इतकं खोल घालतो की तिथे गाठ तयार होते, बाहेरून हाताला लागते अशी. (हे बेअर्ड आणि वरचे बेअर वेगळे, इथे खूप जण गोंधळतात.) तुमच्या कुरवात जर आतड्याच्या बाहेरून गाठी दिसल्या असतील, भिंत सुजलेली असेल, तर लिहा, नसतील तर मृत्यूचं कारण दुसरीकडे शोधा, आणि फ्लूची टेस्ट आधी.

आता तुमच्या हातातल्या नमुन्यांचं काय करायचं ते. तुम्ही फीत ओढून काढलीत असं लिहिलंय, पुढच्या वेळी ओढू नका. आतडं लांबीने उघडा, थंड पाण्यात किंवा सलाइनमध्ये पसरून ठेवा, किडा स्वतः सैल पडून भिंत सोडतो आणि डोकं शाबूत राहतं. नाहीच सोडलं तर भिंतीचा तेवढा तुकडा कापून सोबत घ्या. पक्षी जितका ताजा तितकं बरं, मेल्यानंतर काही तासांत हुक गळायला लागतात आणि बिनहुकांचा सायक्लोफायलिडिया ओळखणं म्हणजे शिक्षाच आहे. वरची फीत काढून झाली की आतड्यातला सगळा गाळ बारीक चाळणीतून धुऊन डिश मायक्रोस्कोपखाली बघा, बारीक हायमेनोलेपिडिडी तिथेच असतात आणि घाईत सगळे सिंकमध्ये जातात. संख्या लिहिताना डोकी मोजा, तुकडे नाही.

मग दोन वाटा. काही किडे सैल झाल्यावर जवळजवळ उकळत्या फॉर्मेलिनमध्ये टाका, ते सरळ लांब मरतात आणि अवयव जागच्या जागी राहतात, त्यानंतर कार्माइन या लाल रंगाने रंगवून, लवंगाच्या तेलात पारदर्शक करून स्लाइडवर बाल्सम या डिंकाखाली लावा. डोकं वेगळं कापून बर्लेझच्या द्रवात दाबून लावलं की हुक मोजता आणि मापता येतात, हुकाची लांबी मायक्रोमीटरमध्ये लिहा, एकाच हुकाची नाही, मिळतील तितक्यांची. बाकीचे किडे थेट ९६ टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी, फॉर्मेलिन लागलेल्या किड्यातून डीएनए नीट निघत नाही. आणि इथे कळकळीची विनंती, डीएनएसाठी अख्खा किडा कुटून टाकू नका. मधले दोन-चार सेगमेंट्स पुरतात, २८एस आणि सीओआय हे दोन जीन्स बघितले तरी कुळ-जीनसची दिशा मिळते, आणि त्याच किड्याचं डोकं आणि प्रौढ सेगमेंट स्लाइडवर जपून ठेवा. जनुकांच्या डेटाबेसमध्ये कितीतरी सीक्वेन्स असे आहेत की त्यामागचा किडा उरलेलाच नाही, नाव चुकीचं आहे असं वाटलं तरी तपासायला काहीच नाही, आणि मग ती चूक पुढच्या दहा जणांच्या कामात शिरते. मला याचा खरोखर त्रास होतो.

तुमच्या नमुन्यात मी हातात आल्यावर कुठल्या क्रमाने बघेन ते सांगतो. लांब फितीचं डोकं मिळालं का ते पहिलं. खाचा असतील तर डायफायलोबोथ्रिइडिया, कान असतील तर टेट्राबोथ्रियस, गोल सकर आणि हुक असतील तर सायक्लोफायलिडिया. डोकं नसेल तर सेगमेंटचं जननछिद्र मधोमध की कडेला, कडेला असेल तर योक ग्रंथी अंडाशयाच्या पुढे की मागे. मागे असेल तर वृषण मोजायचे, तीन की पुष्कळ. लहान धाग्यांचंही तेच, फक्त मोठ्या लेन्सखाली. आणि बाटलीवरच्या लेबलवर पक्ष्याची जाती, वय, जागा, तारीख आणि आतड्याचा कुठला भाग हे पेन्सिलने लिहून लेबल बाटलीच्या आत टाका, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. पोटात काय खाणं निघालं, माशाची हाडं, क्रिलचे डोळे, जे असेल ते, त्याची वेगळी बाटली करून तोच नंबर द्या.